म्यानाचं खालचं टोक

"मॅडम, म्यानाच्या या खालच्या टोकाला काय म्हणतात हो?"

मीच विचारलं. संग्रहालयाच्या शस्त्रदालनात, सगळ्या वर्गासमोर, खणखणीत आवाजात. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे, पण वक्तृत्वात बक्षीस मिळाल्यापासून माझ्या तोंडाचा पट्टा थांबतच नाही. म्हणून तर माझ्या बाकावरच्या बुटकीने कानात पैज लावली होती, "माहिती सांगतेय ती तुझी मावशी ना? मग असं काहीतरी विचार की तिची भंबेरी उडेल. आहे हिंमत?"

हिंमत होती. अक्कल नव्हती.

कारण मावशीची भंबेरी नेमकी कुठे उडते हे जगात फक्त मला ठाऊक होतं. ती आमच्याकडेच राहते. संग्रहालयाने तिला तात्पुरतं घेतलंय आणि कायम करायचं की नाही ते याच फेरीवरून ठरणार होतं. तिला त्या नोकरीचा केवढा ध्यास! महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात भाजीची सुरी म्हणजे खंजीर आणि छत्रीचं कव्हर म्हणजे म्यान. मी विचारायचे, ती कांदे सोलता सोलता उत्तरं द्यायची. पातं, मूठ, मुठीवरची बोटं राखणारी परज, सगळं बरोबर. बिचवा विंचवाच्या नांगीसारखा वाकडा, कट्यारीची मूठ आडवी, हेही तोंडपाठ. घोडं अडायचं ते म्यानाच्या दोन धातूच्या टोपणांशी. तोंडाशी बसवतात ती मोहनाळ, तळाशी ती तहनाळ. मावशी हटकून उलट सांगायची.

"अगं, तळाची ती तहनाळ!"

"कळलं गं माझे आई," म्हणायची आणि पुन्हा उलट.

तर मी विचारलं. मावशीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, 'तू?' अशा नजरेने. मग काचेकडे वळून म्हणाली, "मोहनाळ." थांबली. "नाही... म्हणजे..." वर्गाच्या मागे संग्रहालयाच्या मोठ्या मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या. बुटकी तोंड दाबून हसत होती.

तेव्हा मी गप्प राहिले असते, तरी मावशीने सावरलं असतं. पण मी हात वर केला. "तहनाळ! मोहनाळ वरची."

टाळ्या पडल्या. मोठ्या मॅडम पुढे आल्या. "अरे वा! कुठे वाचलंस हे?"

"अशीच आवड आहे," मी म्हणाले. आवड कसली डोंबलाची! मावशीने आणलेले कागद पाहूनच तर मी तिला प्रश्न विचारायचे.

"मग दर रविवारी येशील का? लहान मुलांना तूच माहिती सांग."

मी मान डोलावली. मावशीने पुढचं सगळं खालच्या आवाजात उरकलं. तिची सगळ्यात लाडकी कट्यार आली, तर तिच्यासमोर ती थांबलीसुद्धा नाही. परतताना बुटकीने पाठीत धपाटा घातला, "मानलं तुला!" मला मात्र कुणाकडे बघवेना.

घरी आल्यावर मावशी माझी तक्रार करेल असं वाटलं होतं. केली असती तर बरं झालं असतं. जेवायला बसल्यावर तीच कौतुकाने सांगायला लागली, "आज आपली पोरगी काय चमकली म्हणून सांगू! मोठ्या मॅडमनी रविवारी बोलावलंय."

"वाघीण आहे माझी!" बाबांनी पाठ थोपटली.

आईने विचारलं, "आणि तुझं गं काय झालं?"

"माझं बघू. जरा अडखळले. कळवतील." मावशी ताटाकडे बघत होती. प्रश्न कुणी विचारला, ते तिने सांगितलंच नाही. माझा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला.

मी उठून उभीच राहिले.

"काय गं, पाणी हवंय?" आई म्हणाली.

"नको. आई, बाबा, ऐका. मी रविवारी तिकडे जाणार नाहीये. उद्या शाळेच्या आधी जाणार आहे. तो प्रश्न मी मुद्दाम विचारला होता, मावशी तिथेच चुकते हे माहीत असून. आणि मला येतं ते सगळं तिच्यामुळेच येतं. हे मी मोठ्या मॅडमना तोंडावर सांगणार."

"वेडाबाई, बस खाली," मावशी पुटपुटली.

"नाही बसणार! बाबा, तुम्ही बरोबर आलात तर बरं होईल. नाही आलात तरी मी जाणारच आहे."