निकेलचे दोनशे तास

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो आणि निकेलचा शहाण्णवावा तास चालू होता. त्र्याण्णवचा जानेवारी, मंगळवार दुपार. चार दिवस ताप म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं होतं. सकाळी डॉक्टर म्हणाले सुधारतेय, म्हणून मी ड्यूटीवर गेलो. एवढा माझा शहाणपणा.

आमचं काम सोपं. कोळशापासून काढलेलं काळं तेल हायड्रोजनबरोबर तापलेल्या नळीतून सोडायचं, म्हणजे त्यातला गंधक आणि नायट्रोजन निघून जातो. नळीत उत्प्रेरकाचे दाणे. एकदा कोबाल्टवाले, एकदा निकेलवाले. दोघांना तेच तेल, तीच उष्णता, तेच दोनशे तास. आम्ही तिघं पाळीपाळीने दर तासाला वहीत आकडे लिहायचो. शैला पोळ्या लाटताना विचारायची, "कोण पुढे?"

"कोबाल्टचं झालं. निकेल चालू आहे."

"मग निकेलच जिंकेल. मागून आलंय ना बिचारं."

फोन ठेवून मी नळी बंद करायला घेतली. ती एकदम बंद करता येत नाही. आधी तेल, मग उष्णता, मग दाब हळूहळू. चाळीस मिनिटं लागली. त्या पाळीत मी एकटाच होतो. दवाखान्याच्या दारात इथे उत्तरेतच वाढलेली माझी मुलगी नीलम म्हणाली, "पापा, इतनी देर?" वहीत मी लिहून आलो होतो: रन बंद, कारण पत्नीचे निधन.

जलदानविधी आटोपून दहाव्या दिवशी कामावर गेलो. आमचे साहेब डॉ. पृथ्वीराज सिंह यांनी माझ्यासाठी चहा मागवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मग वही पुढे सरकवली. माझं पान गायब होतं आणि निकेलचे दोनशे तास पूर्ण. बाकी दोघांच्या सह्या झालेल्या. तापमान एका अंशानेही हललेलं नाही. ती नळी इतकी गुणी माझ्या हाताखाली कधी वागली नाही. बंद असताना तिला छान जमतं. बुधवारी सकाळी अकराला मी भैंसाकुंडच्या स्मशानात शैलाच्या चितेपाशी होतो. वहीप्रमाणे मी नळीपाशी उभा राहून तीनशे ऐंशी अंश मोजत होतो.

"निकेल जीत गया, श्रीपत जी. दिल्ली में मीटिंग है. साइन कर दीजिए, आपकी छुट्टी भी नहीं कटेगी."

म्हणजे बायको गेली तेव्हा मी रजेवरही नव्हतो.

"सर, छियानवे घंटे ही चला है."

"अरे भाई, उतने में पता चल जाता है. आगे लाइन सीधी ही तो जाती है."

"सीधी नहीं जाती, सर. दानों पर कार्बन जमता है. कब बैठ जाएगा, चलाए बिना पता नहीं चलता."

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनीही अशीच सरळ रेघ काढली होती. ते मी साहेबांना सांगितलं नाही.

चहा पिऊन घेतला, चांगला होता. सही केली नाही. वहीत कोरं पान शोधून पुन्हा लिहिलं: रन बंद, कारण पत्नीचे निधन. खाली तारीख, वेळ आणि चाळीस मिनिटं.

साहेबांनी तीन महिने मला त्या खोलीची चावी दिलेली नाही. कोण पुढे, हे मला अजून माहीत नाही. नवे दाणे भरून निकेलचे दोनशे तास पहिल्यापासून चालवायचे राहिले आहेत.