कापलेले खिसे

गिऱ्हाइकाच्या कोटाचे दोन्ही खिसे कापलेले बघून टेलरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कात्री ठिणगीच्या हातात होती. ठिणगी म्हणजे नवऱ्याची पहिल्या बायकोपासूनची मुलगी, सात वर्षांची. आणि हा या आठवड्यातला तिसरा कोट.

"बघितलंस?" खिडकीजवळच्या गुबगुबीत गादीवर ठाण मांडून बसलेल्या वन्सं म्हणाल्या. "ठेवून दे दोन. नाहीतर आजच नेते हिला माझ्याकडे. आठ दिवसांत सुतासारखी सरळ करते."

वन्संच्या घरी माणसं कशी सरळ होतात हे टेलरबाईला ठाऊक होतं. त्यांचा मुलगा इतका सरळ झाला होता की आईकडे बघितल्याशिवाय घास उचलत नसे. नवरा कामावर होता, आणि घरी असता तरी बहिणीपुढे त्याची वाचाच बसली असती. सावत्र आईने मारलं तर ती कैदाशीण, नाही मारलं तर तिला पोरीची पर्वा नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

पण पोर तिला हवी होती. का ते विचारू नका, पोर तर तिच्याशी एक शब्द धड बोलत नव्हती. तरी हवी होती.

टेलरबाईचा हात उगारला गेलाच. ठिणगीने डोळेसुद्धा मिटले नाहीत. "मार की! मार!"

तेवढ्यात टेलरबाईची नजर कोटावर गेली. बाह्या शाबूत, कॉलर शाबूत. आधीच्या दोन कोटांचेही फक्त खिसेच गेले होते. हात खाली घेऊन ती जमिनीवर बसली. मुठी मात्र वळलेल्याच होत्या, कारण राग कुठे गेला नव्हता.

"खिसेच का गं?"

"तू आईचा फेकलास ना!"

महिन्यापूर्वी टेलरबाईने मोठ्या कौतुकाने ठिणगीच्या आईचा निळा कोट उसवून पोरीच्या मापाचा केला होता. फाटका खिसा तेवढा काढून टाकला होता. रस्त्याने जाताना आईच्या त्याच खिशात आपला हात असायचा, हे पोर आज लाथा झाडत, किंचाळत सांगत होती.

"ऐकून काय घेतेस?" वन्सं कडाडल्या. "उद्या डोक्यावर मिरे वाटेल!"

"मी तुला न विचारता कापला, ते माझं चुकलं," टेलरबाई पोरीला म्हणाली. "लोकांचे कोट कापलेस, ते तुझं चुकलं. ते खिसे आपण दोघी परत लावू."

"मी नाही लावणार!"

"बरं. आधी तुझा शोधू." चिंध्या ती कधीच फेकत नसे, गाद्यांत भरायची. ती उठली. "उठा वन्सं."

"मी?"

"तुमच्याखाली आहे तो."

वन्सं धुसफुसत उठल्या. टेलरबाईने गादी टराटरा उसवली तशी ठिणगी चिंध्यांवर तुटून पडली. चपटा झालेला निळा खिसा सापडला. पोरीने त्यात हात घातला, आणि टेलरबाईने पुढे केलेला हात झिडकारला.

"हात लावू नकोस मला."

"नाही लावत."

"पुरे झाली थेरं," म्हणत वन्संनी पोरीचं मनगट धरलं. "चल माझ्याबरोबर."

ठिणगीने हिसडा मारला आणि ती टेलरबाईच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"मी नाही येणार, आत्या. माझं हिच्याशी भांडण संपलं नाही अजून."