पंकजाच्या आईचा दमा

"पुढची!" मी म्हणाले आणि टेप उचलला.

पाथरीच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात आठवीच्या मुलींचा नाच होता, त्याचे घागरे शिवायचं काम मला मिळालं होतं. मुली व्हरांड्यात रांगेनं उभ्या होत्या. माप मी घ्यायची आणि त्यांच्यातलीच एक चुणचुणीत पोरगी ते लिहून घ्यायची. मान वर करायला फुरसत नव्हती. पुढची आली, तिच्या खांद्याला मी टेप लावला, तर खांदा थरथरायला लागला. सुई टोचेल म्हणून घाबरली की काय, असं वाटून वर बघितलं आणि माझ्या हातातला टेपच गळून पडला.

सृष्टी! आमची सृष्टी, पंकजाची लेक. निळा स्कर्ट, पांढरा सदरा, दोन वेण्या आणि वर लाल रिबिनी.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली आणि खाली बघायला लागली.

आता कुणी म्हणेल, शाळेत पोरगी दिसली तर त्यात एवढं हादरायचं काय? हादरायचंच होतं हो! आमच्या वालूरमध्ये चार घरं अशी आहेत, की ज्यांची लेकरं शाळेत जातच नाहीत, घरीच शिकतात. आणि ती चार घरं ज्या बाईनं जमवली, ज्या बाईच्या शब्दावर मी माझी अपेक्षा शाळेतून काढली, त्या बाईची लेक माझ्यासमोर शाळेचा बिल्ला लावून उभी होती.

करोनात शाळा बंद पडल्या तेव्हाची गोष्ट. पंकजा डी.एड. झालेली, नोकरी नाही म्हणून घरात. नवरा दत्तराव खताच्या दुकानात कामाला. तिनं आपल्या ओट्यावर लेकरं जमवली आणि शिकवायला बसली. माझी अपेक्षा जायला लागली, लिंबाजीदादाची दोन जायला लागली, कडूमायचा नातू माऊली जायला लागला. पुढे शाळा उघडल्या तेव्हा ही बाई स्वतः आमच्या दारोदार हिंडली. "ताई, घरी लेकरं किती शिकली ते तुमच्या डोळ्यानं बघितलं न्हवं? आता काहून त्यायला परत त्या कोंडवाड्यात घालायलाय?" कोंडवाडा हा शब्द तिचा. मी पुढे चार वर्षं तोच शब्द सगळ्या नातेवाइकांच्या तोंडावर मारला. सासरच्या लग्नकार्यात कुणी विचारलं, "पोरगी कितवीला?" की मी नाक वर करून सांगायची, "माझ्या लेकीला शाळेची गरजच नाही."

आम्ही वार वाटून घेतले होते. माझ्या वारी लेकरं माझ्याकडे, मशीनच्या खोलीत. मी सातवी शिकलेली, पण मराठी वाचून घ्यायची, मापं घ्यायला लावायची. लिंबाजीदादा त्यांना शेतात नेऊन कामाला जुंपायचा आणि त्यातूनच शिकवायचा. कडूमायचा लेक रामहरी आणि सून दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात, माऊली तिच्याजवळ असतो. तिच्या वारी लेकरं स्वयंपाक करायची, हिशेब करायची आणि म्हातारीच्या गोष्टी ऐकायची. गणित, विज्ञान, इंग्रजी मात्र पंकजाचं. त्यात आम्हा कुणालाच गम्य नव्हतं. आणि एक रीत होती. एखाद्या घरी दुखणंखुपणं आलं की त्या घराचे वार बाकीच्यांनी उचलायचे, वर भाकरतुकडाही धाडायचा. कुणी कुणाला सांगायचं नाही, आपसूक व्हायचं.

जूनमध्ये पंकजा तोंड पाडून आली. "ताई, आईला दम्यानं पार आडवं पाडलंय. भाऊ नाही, कुणी नाही. मी आन् सृष्टी आता पाथरीलाच राहतो. रविवारी तेवढ्या दोघी येऊ, मी शिकवीन."

झालं! आम्ही तिचे सगळे वार उचलले. मी विज्ञानाचं पुस्तक उघडून ओळीखाली बोट धरून वाचायची. लेकरं मला प्रश्न विचारायची आणि मी म्हणायची, रविवारी काकूला विचारा. कडूमाय दर रविवारी अडुळशाचा काढा उकळून बाटली भरायची. लिंबाजीदादा शेळीचं दूध धाडायचा, दम्याला चांगलं म्हणून. मी कारळाची चटणी. सगळं पंकजाच्या पिशवीत जायचं आणि ती डोळ्यांत पाणी आणून म्हणायची, "तुमचं कसं फेडू?"

आणि इकडे लेक रांगेत!

मी टेप उचलला. माप घेतलं. तेवढ्यात शेजारच्या वर्गातून आवाज आला, "आठवी ब, बाहेर काय बाजार भरवलाय?" तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखला असता. हातात खडू, कडक इस्त्रीची साडी, गळ्यात शाळेच्या ओळखपत्राची पट्टी. पंकजा दारात आली, मला बघितलं आणि तिथंच खिळली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. ती मागं फिरली आणि वर्गात गेली. मला एवढा धक्का बसला, की मी उरलेल्या पोरींची मापं घेतली कशी ते मलाच ठाऊक नाही. नंतर बघते तर एका पोरीची कंबर उंचीपेक्षा जास्त सांगून ठेवलेली.

शाळेतून निघाले ती तडक पंकजाच्या माहेरी. मंदिराच्या मागच्या गल्लीत घर, विचारत विचारत गेले. मनात अजून एक वेडी आशा होती. नोकरी केली असेल, पोरगी शाळेत घातली असेल, पण म्हातारीचं दुखणं तर खरं असेल! माणूस एवढं खोटं कसं बोलेल?

गल्लीच्या तोंडालाच ठसका लागला. पुढे गेले तर अंगणात एक म्हातारी उखळात लाल मिरच्या कुटत होती. दणादण. मी पदर नाकाला लावला, डोळ्यांतून धारा, आणि ती आपली खुशाल.

"कोण गं?"

"मी वालूरची. सत्यशीला."

"अगं बया! चटणीवाली का तू? ये की, बस. तुही कारळाची चटणी लय झकास असती बघ. पंकीला म्हणलं, एवढी एकच बाई हाय तुह्या गावात हाताला चव असलेली." मुसळ बाजूला ठेवून ती हसायला लागली. "आन् ते बाटलीतलं कडूझार पाणी कोण धाडतंय गं? मी आपली तुळशीला घालीत असते."

"दूध?" मी विचारलं.

"दुधाचा च्या करतो की. आता ठिवू का?"

"आजी, तुमचा दमा?"

"कुणाचा?"

"तुमचा."

"मला दमा?" म्हातारी मुसळ घेऊन उठलीच. "कोण म्हणलं? थू थू! चांगल्या धडधाकट माणसाला काहून दुखणं लावायलाय? मी अजून दोन मैल चालत जाते शेतात!"

मी तिथून कशी निघाले, कोणत्या जीपमध्ये बसले, काही आठवत नाही. शेजारची बाई विचारत होती, मिरची लागली का डोळ्याला? मी हो म्हणाले. डोळे मिरचीनं भरले होते का कशानं, देव जाणे.

घरी अपेक्षा पीठ मळत होती. मी पिशवी टाकली आणि खालीच बसले. मला वाटलं, पोरीला कसं सांगावं? मार्चमध्ये मुक्त विद्यालयाची आठवीची परीक्षा होती. आजवर अपेक्षाच्या नावावर एक कागद नाही. ही परीक्षा पास झाली तर पुढं दहावी, दहावी झाली तर नर्सिंगची आशा. विज्ञान आणि इंग्रजी शिकवणारी एकटी पंकजा, आणि ती आमच्या हातून गेली होती. सृष्टी आणि अपेक्षा बरोबरीनं बसणार होत्या परीक्षेला, असं आम्ही धरून चाललो होतो.

"अपे," मी म्हणाले, "सृष्टी शाळेत जायलीय."

तिचे हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय मला."

"काय?"

"जूनपासून ठाऊक हाय. तीच सांगती ना रविवारी. कोणत्या सरनी काय शिकवलं, मधल्या सुट्टीत काय खेळतेत, डब्याला कोण काय आणतं. सगळं सांगती."

मला तर पंकजाला बघून बसला नाही एवढा हिसका बसला. माझी पोरगी! माझ्या पोटची! "आन् मला सांगितलं न्हाईस? मी हिकडं त्या म्हातारीसाठी चटण्या कुटायलीय आन् तू गप?"

"तू भांडली असतीस. मंग काकूनी रविवारी यायचं बी बंद केलं असतं. मंग म्या परीक्षेचं काय करावं?" तिनं परातीवर झाकण ठेवलं आणि चूल पेटवायला गेली. तेरा वर्षांची पोर, आणि तिनं आईचा स्वभाव ओळखून सगळं तोलून धरलं होतं. मला राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं.

रविवारी वर्ग माझ्या घरी होता. लिंबाजीदादाला आणि कडूमायला मी सगळं सांगून बोलावून घेतलं होतं. मला वाटलं, येते कशाला आता ती! पण आली. दारात चप्पल काढली आणि उंबऱ्याशी उभी राहिली. कुणी ये म्हणालं नाही, कुणी बस म्हणालं नाही. सृष्टी तिच्या पाठीमागं लपली होती.

सुरुवात कडूमायनं केली. "महा काढा तुळशीला घातला गं? चुलीपुढं बसून बसून डोळे गेले महे. धुरात मरायलेते मी, आन् तू..."

"माय, चुकलं."

लिंबाजीदादा कधी कुणाला उलटून बोलत नाही. तो खाली बघतच म्हणाला, "दूध तरी नको म्हणायचं, वहिनी. शेळी आटायला आली तवा लेकरायला कोरा च्या दिला आन् तुमच्या आईला दूध धाडलं." बस, एवढंच बोलला. पंकजानं चौकट धरली आणि रडायला लागली.

"रडू नको!" मी ओरडले. "रडायचा हक्क आमचा हाय. बोल, काहून केलंस?"

"नोकरी लागली, ताई. डी.एड. होऊन घरात बसले, केस पिकायला लागले, तवा कुठं लागली. दुसऱ्याच दिवशी मोठ्या सरनी विचारलं, तुमची मुलगी कोणत्या शाळेत? म्या सांगितलं, घरीच शिकती. ते म्हणले, जी बाई सोताच्या लेकीला शाळेत घालीत न्हाई, ती दुसऱ्याच्या लेकीला काय शिकवणार? उद्या मुलीला घेऊन या, न्हाईतर तुमीबी येऊ नका."

"मंग तसं सांगायचं आमाला!"

"कोणत्या तोंडानं सांगू? कोंडवाडा म्याच म्हणलं न्हवं? तुमची लेकरं म्याच काढायला लावली न्हवं? वाटलं, सांगितलं की तुमी म्हणाल, आमची बाहेर काढली आन् हिनं सोताची आत घातली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन् खरंच तसंच झालं ना, ताई."

मला तिला झिंज्या धरून बाहेर घालवावंसं वाटत होतं, खोटं कशाला सांगू! घालवलीही असती. तेवढ्यात अपेक्षा आतून सतरंजी घेऊन आली. आमच्या कुणाच्या तोंडाकडे न बघता तिनं ती अंथरली, पुस्तक काढलं आणि बसली. माऊली बसला, लिंबाजीदादाची लेकरं बसली. सृष्टीही हळूच येऊन अपेक्षाला चिकटून बसली. पंकजाला घालवलं असतं तर माझा राग निवला असता आणि पोरीची परीक्षा बुडाली असती.

"विजेचा धडा राहिलाय," मी म्हणाले. "उभी काय राहिलीस? शिकव."

कडूमाय माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागली. मी मशीनवर जाऊन बसले आणि कापड पुढे ओढलं, म्हणजे कुणाकडे बघावं लागू नये.

पंकजानं पुस्तक घेतलं. पानं चाळली, घसा साफ केला आणि तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "अपेक्षा बन्सीधर."

म्हणाली आणि जीभच चावली. आमच्यात हजेरी कधीच नव्हती. चार घरची लेकरं, कोण आलंय ते समोर दिसतंच. बापाचं नाव लावून तर इथं कुणी कुणाला हाकही मारत नाही. माऊली खुदकन हसला. लिंबाजीदादाची लेकरं एकमेकांकडे बघायला लागली.

अपेक्षा उठून उभी राहिली. ताठ. हात दोन्ही बाजूंना सरळ, मान वर. माझ्या घरात मी कधी ऐकला नव्हता अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली, "हजर, मॅडम!"

तिला कुणी सांगितलं नाही, काही विचार करावा लागला नाही. सृष्टीकडून ऐकून ऐकून किती दिवस मनातल्या मनात म्हणत असेल, कोण जाणे. माझी मशीन थांबली.

पंकजाला पुढचं नाव घेता येईना. बस म्हणायचं तिला सुचलं नाही आणि मलाही सुचलं नाही. म्हणून अपेक्षा तशीच उभी राहिली.