श्वास सोडून थांबा

मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं, तेव्हा बायकोने पहिला आळ घेतला तो ट्रम्पेटवर. तीस वर्षं माणूस गाल फुगवून त्या पितळेत जीव ओततोय, मग पोटाने तरी किती दिवस गप्प बसायचं, असा तिचा साधा हिशेब. तिने ट्रम्पेटचं ओठांना लावायचं टोक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि पर्समध्ये टाकलं. त्या टोकाशिवाय ट्रम्पेट म्हणजे नुसती शोभेची नळी. मास्तर बँडचे मास्तर, वीस माणसं त्यांच्या भुवईच्या इशाऱ्यावर वाजवायची. घरात मात्र त्यांची डाळ शिजत नसे.

एका दवाखान्यात सांगितलं होतं की स्वादुपिंडाजवळ पाण्याची गाठ आहे, सुई घालून पाणी काढलं की झालं. ती सुई घालायला ते आले रंगारी बाईंकडे. बाई सोनोग्राफीच्या डॉक्टर, 'रंगारी' हे नाव ठेवलेलं त्यांच्याच हाताखालच्यांनी. पडद्यावर काळा ठिपका दिसला रे दिसला, की बाई रक्ताचा प्रवाह दाखवणारा रंग चालू करायच्याच. बाहेर रांग खोळंबायची, लोक कुरकुरायचे, बाई ढिम्म.

आजही त्यांनी बटण दाबलं. पडद्यावरच्या काळ्या गोलात लाल आणि निळा रंग गरगर फिरू लागला.

बाईंनी ट्रेमधली सुई उचलली आणि स्वतः नेऊन कपाटात ठेवली.

"मास्तर, ही गाठ नाही," त्या म्हणाल्या. "स्वादुपिंडाला आणि आतड्याच्या सुरुवातीला रक्त पुरवणारी एक बारीक धमनी असते, तिला फुगा आलाय. यात सुई गेली असती तर मी आयुष्यभर झोपले नसते."

मास्तर आडवे होते म्हणून बरं, नाहीतर पडलेच असते. "फुटतो का तो?" त्यांनी विचारलं.

"फुटू शकतो. म्हणून त्याच्या आधी आपण त्याचा बंदोबस्त करायचा."

"बघा, मी म्हणत होते," बायको म्हणाली. "फुंकून फुंकून झालंय हे."

"ते आपण ठरवायचं नाही, पडदा ठरवेल. मास्तर, श्वास पूर्ण सोडा. आणि सोडून थांबा."

मास्तर गोंधळले. आजवर जो तो श्वास घेऊन थांबायला सांगायचा.

"आम्हा सगळ्यांना ती सवयच आहे, चित्र छान येतं," बाई म्हणाल्या. "पण मला हवं ते श्वास सोडल्यावर दिसतं. पंचाईत एवढीच की रिकाम्या छातीने माणूस पाच सेकंदांत हातपाय झाडतो."

मास्तरांनी श्वास सोडला आणि थांबले. दहा सेकंद गेले, वीस गेले. बाई निवांत बघत होत्या, मध्येच "वा" म्हणत होत्या. तिसाव्या सेकंदाला बाईंनीच घाबरून सांगितलं, "अहो, घ्या आता."

मग त्यांनी बायकोला जवळ बोलावून दाखवलं. जठराकडे आणि यकृताकडे जाणारी मोठी धमनी पोटात शिरते तिथे एक चिवट पट्टा होता, जन्मापासूनचा. श्वास सोडला की तो धमनीला आवळायचा. मोठा रस्ता अडला म्हणून वर्षानुवर्षं रक्त त्या बारीक धमनीतून वळून जात होतं, आणि ती बिचारी भार सोसून फुगली होती.

"म्हणजे ती बारीक वाट बुजवून चालणार नाही," बाई म्हणाल्या. "यकृत तिच्यावर जगतंय. फक्त फुगा भरायचा. हे आज कळलं नसतं तर घोळ झाला असता. आणि कळलं ते यांच्या ट्रम्पेटमुळे. एरवी इतका वेळ कोण थांबतं?"

बायकोने पर्स छातीशी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धमनीत तार घालून इलाज करणाऱ्या डॉक्टरांनी मास्तरांच्या मनगटातून केसाएवढी नळी थेट त्या फुग्यापर्यंत नेली आणि आत प्लॅटिनमच्या बारीक तारेची वेटोळी भरली. वाट मोकळी ठेवली. मास्तर जागेच होते, पडद्यावर बघत. बाहेर बायको दोन तास एका जागी बसून होती. आत बोलावलं तेव्हा मास्तरांनी तिचा हात धरला. तळव्यावर एक लाल गोल वळ उठला होता, बांगडीपेक्षा लहान, नाण्याएवढा. मास्तरांनी तो लगेच ओळखला. तीस वर्षं तसाच वळ त्यांच्या ओठांवर उठत आला होता.

महिन्याने दुर्बिणीतून तो पट्टाही कापला. जखमा भरल्यावर दोघं पुन्हा रंगारी बाईंकडे. बाईंनी श्वास सोडून थांबायला लावलं, मोठ्या धमनीत रंग झोकात धावला. मग त्या फुग्यावर आल्या, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. गोल काळाच राहिला.

"पहिल्यांदाच रंग नाही म्हणून आनंद होतोय मला," बाई म्हणाल्या.

मास्तरांच्या ओठांवर इतके दिवस एकच प्रश्न होता, पण विचारायची छाती होत नव्हती. तो बायकोनेच विचारला.

"यांनी वाजवलं तर चालेल?"

"खुशाल वाजवू द्या."

बायकोने पर्स उघडली, रुमालाची गाठ सोडली. टोक घासून घासून लखलखीत केलेलं होतं. तिने ते मास्तरांच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "घरी जाईपर्यंत कशाला थांबता? इथेच वाजवा थोडं."

"अगं, नुसत्या टोकाचा आवाज माशीसारखा येतो."

"येऊ दे," ती डोळे पुसत म्हणाली. "मला तोच ऐकायचाय."