न निजणारा

शब्दाचं मूळ सापडण्याइतकं निर्मळ सुख माणसाच्या नशिबी दुसरं नाही. हे मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, वहिनीच्या डुकरांत पडलेला चष्मा शोधताना मोठ्याने जाहीर केलं. डुकरांना पटल्यासारखं दिसलं. वहिनी म्हणाली, "भावजी, पाय कुठे देताय ते बघा."

आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. त्या नावाशी जुळणारा शब्दही उच्चारत नाही. माझ्या वडिलांचं नाव ल्वांडले, आमच्या भाषेत समुद्र. आणि घर समुद्राच्या तोंडाशी. वहिनी टोलो कुळातली, म्हणून गाव तिला मामटोलो म्हणतं. समुद्राला ती कधी 'मीठवालं' म्हणायची, कधी 'गुरं पीत नाहीत ते'. तिचे असले दोनशे शब्द मी मुळासकट वहीत उतरवले होते. भावाने मात्र थोरल्या मुलाला आजोबांचंच नाव ठेवलं. वहिनीने पोराला एकवीस वर्षं 'अरे' म्हणून वाढवलं.

हा पुतण्या ल्वांडले सोन्याच्या खाणीत कामाला गेला. जुलैमध्ये खाण खचली. निरोप आला: प्रेत हवं असेल तर शनिवारी बाराच्या आत शहरातल्या कचेरीत नाव सांगा, उरलेले तिकडेच एका खड्ड्यात पुरू. आणि खोटे दावेदार येतात, तेव्हा नाव आईनेच सांगायचं. दुभाषा म्हणून मी गेलो.

"मयताचं नाव?" खिडकीतल्या गोऱ्या कारकुनाने विचारलं.

वहिनीने खाली बघितलं. मग म्हणाली, "न निजणारा."

हा शब्द माझ्या वहीत नव्हता.

"वहिनी, हा कुठून काढलात?"

"नवी नवरी आले तेव्हा ते पाणी रात्रभर जागं होतं, अन् मीही. भावजी, त्यांना नाव सांगा ना."

मी सांगायला लागलो. आधी आमची चाल सांगितली, मग जागं पाणी, जागी नवरी, शब्दाचा समुद्रावरून पोरावर झालेला प्रवास. इतकं चांगलं मी वर्गातही कधी शिकवलं नव्हतं. कारकून टक लावून ऐकत होता. निदान माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे तरी टक लावून होता. नाव मी शेवटाला राखून ठेवलं होतं. चांगला शिक्षक उत्तर आधी फोडत नाही.

बारा वाजले आणि खिडकीची फळी पडली. नाव मी फळीला सांगितलं, दोनदा.

सोमवारी कळलं, पुरणं रविवारीच उरकलं.

महिनाभर वहिनी माझ्याशी बोलली नाही. मग एका सकाळी मला अंगणात बोलावलं, ताकाचा वाडगा पुढे केला. मी माफीची चार वाक्यं जुळवून आणली होती. पहिलं अर्ध्यावर आलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्हाला त्याचं नाव चालतं ना?"

"चालतं."

"मग येता-जाता कुंपणापाशी हाक मारत जा त्याला. नुसती हाक. अर्थ सांगत बसू नका."