अक्षता पडू द्या

‘टेस्टिंग करून मिळणार नाही’ ही पाटी माझ्या दुकानात बरोबर डोळ्यांच्या उंचीवर होती, आणि बाई त्या पाटीखालीच उभ्या राहून टेस्टिंग मागत होत्या. मी हातातल्या पेनाने पाटी दाखवली.

“वाचली ना मी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही खोकं उघडू नका, भाऊ. काचेजवळच्या त्या कॉम्प्युटरमध्ये हेच कार्ड आहे ना, त्याच्यावर लावून दाखवा.”

बिबवेवाडीत सोळा वर्षं मी कॉम्प्युटर विकतोय. माझा स्वभाव गोड आहे असं माझी बायकोसुद्धा म्हणत नाही. त्या दिवशी तर मी आधीच वैतागलेला होतो. मधल्या किमतीतलं नवं ग्राफिक्स कार्ड बाजारात येऊन पंधरा दिवस झाले होते, मी हौसेनं वीस खोकी भरून ठेवली होती, आणि दर दुसरा माणूस फोन करून विचारायचा की पैसे वसूल आहे का. मी म्हणायचो, शंभर टक्के. खोक्यावर छापलेलं होतं त्यापलीकडे मलाही काही माहीत नव्हतं, पण ते गिऱ्हाइकाला सांगायची पद्धत नाही.

मुलगा कितवीला आहे, असं मी विचारलं. आया येतात त्या मुलांच्या गेमसाठीच येतात, हा माझा अनुभव.

“मुलगा आयटीआयला आहे,” त्या म्हणाल्या. “पण कॉम्प्युटर माझा आहे.”

मग कळलं ते असं. बाईंचं नाव दीपमाला इंगोले. माहेर यवतमाळचं, राहायला वारज्यात. हिंजवडीच्या सर्जेरावांनी जमीन विकून लग्नाच्या फिल्मांचा स्टुडिओ टाकला, त्यांच्या फिल्मा या घरी बसून जोडून द्यायच्या. चौदा वर्षं हेच काम. आता सर्जेरावांनी बजावलं होतं की तुळशीच्या लग्नानंतर अकरा लग्नं आहेत, प्रत्येक फिल्म चार दिवसांत हवी, नाहीतर काम एखाद्या एडिटिंग कंपनीतल्या पोरांना देतो. बाईंच्या जुन्या कॉम्प्युटरला एका फिल्मला आठ दिवस लागायचे. हातात पैसे होते ते एका कार्डापुरते. ते चुकलं असतं तर चौदा वर्षांचं काम गेलं असतं.

मी म्हटलं, त्यासाठीच तर नवं कार्ड आहे. पैसे काढा आणि निश्चिंत व्हा.

“काढते ना,” त्या म्हणाल्या. “आधी अक्षता पडू द्या.”

मला वाटलं, बाई जरा विक्षिप्त आहेत. पण आमच्याकडे सगळी मशीन जोडणारी नम्रता एव्हाना त्यांच्या हातातून हार्ड डिस्क घेऊन मोकळी झाली होती. या पोरीला पगार मी देतो, हे ती सोयीनं विसरते.

पडद्यावर नमुन्याला लावलेल्या गेममधल्या पळणाऱ्या मोटारी गेल्या आणि लग्न सुरू झालं. गिऱ्हाइकाचं लग्न असं चारचौघांत दाखवत नाही, हे माझ्या भावाचं आहे, सर्जेरावांच्याच माणसांनी शूट केलेलं, असं बाईंनी आधीच सांगून टाकलं. मेंदी, हळद, सीमांतपूजन, सगळं झरझर तयार होत गेलं. घरी इथवर यायला अख्खी दुपार जाते, असं त्या म्हणाल्या, आणि मी काउंटरवर कोपर टेकवून जरा ऐसपैस उभा राहिलो. कार्ड न्यायला आलेला हिंजवडीचा एक आयटीवाला, ऋषी, तोही बघत थांबला.

मंगलाष्टकं आली. पाच कॅमेरे एकदम चालू, मांडवात उजेड यथातथा, आणि शेवटच्या ‘सावधान’ला हवेत तांदळाचे हजार दाणे. बाई ते सगळं स्वच्छ करून, पाचही बाजूंनी एकत्र दाखवतात. अक्षता उडाल्या आणि पडदा थिजला. नवरदेवाचा हात हारासकट वरच राहिला. खाली सूचना आली, मेमरी अपुरी आहे.

नम्रतानं पुन्हा चालवलं. पुन्हा तिथंच.

“तुमची फाईल फार जड आहे,” मी म्हणालो.

“लग्न जडच असते, भाऊ.”

ऋषी हसला. मला हसू आलं नाही, कारण वीस खोकी माझी होती. बाईंनी मान वर करून वरच्या फळीकडे बघितलं. तिथं मागच्या पिढीचं कार्ड धूळ खात पडलं होतं. वेग थोडा कमी, मेमरी दीडपट, किंमतही कमी, आणि जुनं म्हणून कुणी हात लावत नव्हतं. मी म्हटलं, ते आता कोण घेतंय. त्या म्हणाल्या, “मी पाहून राहिले ना त्याच्याकडे.”

खोकं उघडलं तर घ्यावं लागेल, असं मी बजावलं. त्यांनी मान डोलावली. त्यांचा हात पर्सच्या बंदावर घट्ट आवळलेला होता, तेवढं मला दिसलं.

नम्रतानं कार्ड बदललं. मेंदी, हळद जरा सावकाश झाली. मंगलाष्टकं आली. शेवटचं ‘सावधान’ झालं, अक्षता उडाल्या, आणि खाली पडल्या. दाणा न् दाणा दिसत होता. नवरदेवानं हार घातला. नम्रतानं टाळी वाजवली आणि, लपवून काय करू, मीही वाजवली. बाईंनी पदरानं चेहरा पुसला आणि हसल्या.

ऋषीनं त्यांनाच विचारलं, “ताई, मग मी कुठलं घेऊ? नवीन वर्थ आहे का?” यावर करता काय, असं त्यांनी विचारलं. नुसते गेम, तेही साध्या पडद्यावर, असं कळल्यावर त्या म्हणाल्या, “मग नवंच घ्या. पळते चांगलं. तुमचे पैसे वसूल, माझे नाही.” ऋषीनं ते तिथल्या तिथं घेतलं. सोळा वर्षांत माझ्या शब्दावर इतक्या पटकन कुणी काही घेतलेलं नाही.

तोवर फिल्म संपली होती. सोनेरी अक्षरांत सर्जेरावांच्या स्टुडिओचं नाव आलं. तुमचं नाव कुठंय, असं नम्रतानं विचारलं.

“जोडणाऱ्याचं नाव नसते येत,” बाई हार्ड डिस्क काढता काढता म्हणाल्या. भावाच्या लग्नाची ती फाईल मात्र पुढच्या टेस्टिंगसाठी आमच्याकडे ठेवू दिली.

अकराच्या अकरा लग्नं त्यांनी चार-चार दिवसांत दिली. हे मला सर्जेरावांकडूनच समजलं, कारण ते स्वतः दुकानात आले आणि स्टुडिओसाठी बाईंनी नेलं तसली तीन कार्डं मागू लागले. पुढच्या हंगामाचं सगळं काम बाईंकडेच आहे, असंही म्हणाले, जणू ती त्यांचीच हुशारी.

मार्चमध्ये बाई केबल घ्यायला आल्या आणि दारातच थांबल्या. जुनी पाटी मी काढली होती. तिच्या जागी नम्रतानं नवी रंगवली होती, ‘कार्ड घेण्याआधी दीपमालाताईंच्या अक्षता टाकून दाखवू.’

त्यांनी ती दोनदा वाचली. आवडली नसेल तर काढतो, असं मी म्हटलं.

“काढू नका,” त्या म्हणाल्या. “पण ताई कशाला? पूर्ण नाव लिहा ना. दीपमाला इंगोले.”

नम्रता ब्रश आणायला आत गेली. बाई तिथंच उभ्या राहिल्या, शेवटचं अक्षर वाळेपर्यंत.