झांजवाला

कमालचा प्रश्न पुरता संपायच्या आतच रंगनाथने हात वर केला. हातात चपातीचा तुकडा होता, तो तसाच वर गेला.

“जाज़ बजानेवाला कोई है? होटलवालों ने माँगा है,” मेसच्या दारात उभा राहून कमाल विचारत होता. बरवा अल बराहा या कामगार वसाहतीतल्या त्यांच्या इमारतीचा तो कॅम्प बॉस. पुढच्या वर्षी फुटबॉलचा वर्ल्ड कप, त्यामुळे दोह्यात जो तो काहीतरी वाजवायच्या नाहीतर नाचवायच्या तयारीला लागला होता. त्यातल्याच एका मिरवणुकीत चार कामगारही वाजवताना दिसावेत, असं आयोजकांच्या मनात आलं होतं.

रंगनाथला ऐकू आलं ते झांज. त्याचा काही दोष नाही. कागलच्या बाजूचा माणूस, मिसरूड फुटल्यापासून गावच्या झांजपथकात पुढच्या ओळीत उड्या मारलेला. त्याच्या कानांना दुसरं काय ऐकू येणार? हिंदीवाले झांजेला जाज म्हणत असतील, असं त्याने मनाशी ठरवूनही टाकलं. आणि खरं सांगायचं तर झांजेच्या जागी तुतारी असती तरी त्याने हात वर केलाच असता. खोलीत सहा जण, पण मराठी बोलणारा एकही नाही. आपल्याकडचा शिवराज खोलीत होता तोवर निदान भांडायला तरी कुणी होतं. तो गावी गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून दिवसभर एसीच्या डक्टचे पत्रे कापायचे, खायचं आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचं. घरी फोन होई. बायको, शालू, विचारायची, “जेवलासा?” हा म्हणायचा, “व्हय.” मग दोघंही फोन कानाला लावून गप्प, आणि शेवटी कुणीतरी “ठेवतो” म्हणायचं.

शुक्रवारी कंपनीच्या बसने त्याला हॉटेलात सोडलं. हॉलमध्ये अमेरिकेतून आलेली वयस्कर काळी मंडळी पितळी वाद्यं पुसत बसली होती. कार्यक्रमाची व्यवस्था बघणारी मुलगी पुण्याची, मालविका. आडनाव ऐकून ती लगेच मराठीवर आली.

“काका, तुम्ही काय वाजवता?”

“झांज.”

“जॅझ, पण कुठलं वाद्य?”

“झांजच की.”

मग मालविकाच्या लक्षात आलं आणि तिने कपाळाला हात लावला.

“काका, जॅझ म्हणजे झांज नव्हे हो. अमेरिकेतला संगीताचा प्रकार आहे तो.”

रंगनाथचे कान तापले. चारचौघांत हसं झालं होतं, आणि ज्या पोरीसमोर झालं तिलाच ते समजावून सांगावं लागत होतं.

“मग माघारी बस कधी हाय?”

बस संध्याकाळी होती. तोवर बसा, असं म्हणत मालविकाने खुर्ची दिली आणि बँडच्या म्होरक्याला, म्हाताऱ्या लूशियनला, सगळा घोळ इंग्रजीत सांगितला. तो इतका हसला की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्याने रंगनाथला हाताला धरून मोठ्या ढोलापाशी नेलं. ढोलावर पितळेची एक चकती बसवलेली होती.

“ते म्हणतायत,” मालविका म्हणाली, “आमच्या न्यू ऑर्लिन्समध्ये झांजेशिवाय बँड रस्त्यावर निघतच नाही. वाजवून दाखवा.”

कुठूनतरी झांजेसारख्या दोन पितळी थाळ्या आणल्या गेल्या. रंगनाथने ठेक्याबरोबर उडी मारून थाळ्यांची टाळी दिली, तसा सगळा बँड थांबला आणि हसला. पण या वेळी त्या हसण्याचं त्याला काही वाटलं नाही. लूशियनने त्याच्या दंडावर हात ठेवला, ठेका जाऊ दिला आणि मग, किंचित उशिरा, दंड दाबला. आता. पुन्हा आता. रंगनाथला ते जमायला तीन शुक्रवार लागले. ते तीन शुक्रवार त्याला देशात असल्यासारखे गेले.

चहाच्या वेळी लूशियन आपल्या गावाच्या गोष्टी सांगे आणि मालविका त्या मराठीत करी. दक्षिणेकडचं, मोठ्या नदीकाठचं शहर. फ्रेंच आले, स्पॅनिश आले, हैतीतून माणसं आली, आणि आफ्रिकेतून बांधून आणलेली तर कितीतरी. त्या गुलामांना रविवारी दुपारी एका मैदानात ढोल वाजवायची मुभा असे. पुढे त्यांच्या नातवंडांनी लष्करी बँडची वाद्यं हाती घेतली. कुणी गेलं की बँड स्मशानापर्यंत संथ वाजवत जाई, आणि परतताना नाचत येई. मागून कुणीही चालू लागावं, विचारायचं नाही.

“आणि त्या बांधून आणलेल्यांस्नी घरी कधी सोडलं?” रंगनाथने विचारलं.

मालविकाने प्रश्न पोचवला. लूशियनने कप खाली ठेवून उत्तर दिलं, ते तिने मराठीत सांगितलं.

“नाही सोडलं म्हणतात. मग तेच घर झालं.”

रंगनाथला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. त्याने चहा संपवला आणि थाळ्या उचलल्या.

फोनवर मात्र आता बोलायला विषय होता. जाजचा घोटाळा ऐकून शालू इतकी हसली, की ती अशी हसते हेच तो विसरला होता. ती खोदून खोदून विचारू लागली, लूशियनचे दात खरे का, त्यांच्यात बाया वाजवतात का. मिरवणूक मोबाइलवर दिसणार हे कळल्यावर तिने आळीभर सांगितलं, आणि रंगनाथच्या आईने, तानूबाईंनी, देवळात.

मिरवणुकीच्या आठवड्यात मालविकाचा फोन आला.

“काका, कामगारांचे पास मंजूर झाले नाहीत. सगळ्यांचेच. मी खूप भांडले हो.”

“असू दे ताई. तुमी तरी काय करणार?”

शालूला सांगायला तो दोनदा फोन घेऊन बसला. दोन्ही वेळा तीच आधी सुरू झाली, बघायला कोण कोण येणार, कुणाचा मोबाइल मोठा. त्याच्याच्याने सांगवेना.

त्या दिवशी तो आपला आपण बस पकडून समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावर गेला आणि कठड्याबाहेरच्या गर्दीत उभा राहिला. बँड आला, पांढऱ्या शर्टांत, झगझगीत. लूशियनचे डोळे मिटलेले होते. ठेका जवळ आला तसे रंगनाथचे हात आपोआप छातीपाशी गेले, थोडे थांबले आणि एकमेकांवर आले. शेजारच्या माणसाला वाटलं, हा टाळ्या वाजवतोय, त्यानेही वाजवल्या. बँडमागून एकसारखे टी-शर्ट घातलेली मुलं आली, मग रस्ता झाडायची गाडी. तिच्या मागे कुणालाच चालता येणार नव्हतं. रंगनाथला एवढं एकटं खोलीतही कधी वाटलं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर त्याने फोन लावला. खरं सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवूनच.

“अगं, आज मी…”

“दिसलासा की!” शालू मोठ्याने म्हणाली. “समद्यांनी बघितलं. पांढरा शर्ट, न्हवं का? आत्यांनी तर वाजवण्यावरनंच वळखलं.”

मागे बायकांचा गलका चालला होता. पोरगं वाळलंय, असं त्या आत्या, म्हणजे तानूबाई, कुणाला तरी सांगत होत्या. रंगनाथने अंगातल्या कंपनीच्या निळ्या शर्टाकडे पाहिलं.

“व्हय,” तो म्हणाला.

पलीकडे मागच्या दाराची कडी वाजली. गलका हळूहळू मागे पडला. थोडा वेळ नुसती पावलं ऐकू येत राहिली, मग तीही थांबली.

“परड्यात आलीया मी,” शालू हलक्या आवाजात म्हणाली. “हितं कोण न्हाई. आता खरं काय ते सांगा.”